सेगमेंटेशन शिकताय? मग आधी पॅरासेगमेंट नीट समजून घ्या

नेटची तयारी करणारे, एमएस्सीला डेव्हलपमेंटल बायॉलॉजी घेतलेले आणि पहिल्यांदाच फ्लाय लॅबमध्ये, म्हणजे फळमाशीवर काम करणाऱ्या लॅबमध्ये, प्रोजेक्टला जाणारे, यांच्यासाठी लिहितेय. सेगमेंटेशन म्हणजे गर्भाच्या लांबीचे एकामागून एक भाग पडणं. फळमाशीच्या अंड्यात बायकॉइड डोक्याच्या टोकाला, नॅनोस शेपटीच्या टोकाला, मग गॅप जीन्स, मग पेअर-रूल, मग सेगमेंट पोलॅरिटी, ही गर्भ टप्प्याटप्प्याने बारीक भागांत वाटणाऱ्या जीन्सची साखळी तुम्हाला पाठ असणारच, ती परत सांगत नाही. ती पाठ असूनही माणूस जिथे अडकतो, आणि मी पूर्ण एक सेमिस्टर जिथे अडकले होते, ते सांगते.

गर्भात जीन्स जे तुकडे पाडतात ते तुम्हाला अळीच्या अंगावर दिसणारे सेगमेंट नसतात. ते पॅरासेगमेंट असतात, १४, आणि दिसणाऱ्या सेगमेंटपासून थोडे सरकलेले. भिंतीत विटांचा वरचा थर खालच्या थरावर सरकवून बसवतात ना, सांध्यावर सांधा येत नाही, तसं. प्रत्येक पॅरासेगमेंटच्या पुढच्या कडेला एन्ग्रेल्ड हा जीन चालू होतो, त्याच्या लगेच पुढे, म्हणजे आधीच्या पॅरासेगमेंटच्या शेवटच्या ओळीत विंगलेस हा दुसरा जीन, आणि या दोघांच्या मधली रेघ ही पॅरासेगमेंटची हद्द. अळीच्या अंगावर जी खाच शेवटी दिसते ती मात्र एन्ग्रेल्डच्या पेशींच्या मागच्या बाजूला पडते. म्हणून एन्ग्रेल्ड पॅरासेगमेंटच्या हिशोबात सगळ्यात पुढे आणि सेगमेंटच्या हिशोबात सगळ्यात मागे. पेशी त्याच, जीन तोच, तुम्ही कुठून मोजताय तेवढं बदललं. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका, कागद घ्या आणि काढा.

आता ईव्ह (इव्हन-स्किप्ड) आणि फुशी ताराझू हे दोन पेअर-रूल जीन्स घ्या. ईव्हचे सात पट्टे विषम पॅरासेगमेंटमध्ये, १, ३, ५ असे १३ पर्यंत, आणि फुशी ताराझूचे सम पॅरासेगमेंटमध्ये, २ ते १४. ईव्हचा कमजोर म्यूटंट, म्हणजे जीन बिघडलेला पण थोडं काम करणारा, घेतला तर विषम पॅरासेगमेंट जातात. पण अळीच्या पोटाकडून बघितलं तर गायब झालेले काट्यांचे पट्टे (अळीच्या कातडीवरच्या बारीक काट्यांच्या ओळी) पोटाच्या सम सेगमेंटचे असतात! कारण पॅरासेगमेंट ७ म्हणजे पोटाच्या पहिल्या सेगमेंटचा मागचा भाग अधिक दुसऱ्याचा पुढचा भाग, आणि काट्यांचा पट्टा असतो सेगमेंटच्या पुढच्या भागात, म्हणजे ७ गेला की दुसऱ्या सेगमेंटचा पट्टा जाणार, ९ गेला की चौथ्याचा. फुशी ताराझूचं बरोबर उलटं, सम पॅरासेगमेंट जातात आणि पहिला, तिसरा, पाचवा, सातवा पट्टा दिसत नाही. परीक्षेत सम-विषमचे दोन्ही पर्याय देतात आणि शिकवणारे बरेचदा सेगमेंट की पॅरासेगमेंट ते सांगतच नाहीत, म्हणून मुलं गोंधळतात, तुमची बुद्धी कमी पडतेय असं अजिबात नाही. आणि हो, ईव्ह पूर्ण नसेल तर एक सोडून एक नाही, जवळपास सगळंच सेगमेंटेशन कोसळतं, हे नोट्समध्ये क्वचितच असतं.

हे एकदा बसलं की जनुकशास्त्रज्ञ एडवर्ड लुईसची चार पंखांची माशीसुद्धा सुटते. त्यात छातीच्या तिसऱ्या सेगमेंटचा पुढचा भाग एका प्रकारच्या म्यूटेशनने बदलतो आणि मागचा भाग दुसऱ्या, दोन्ही एकत्र आणले तेव्हा पूर्ण जास्तीची पंखजोडी आली. सेगमेंट धरून बघितलं तर हे विचित्र वाटतं, एकाच सेगमेंटला दोन मालक कशाला? पॅरासेगमेंट धरा, पुढचा भाग ५ चा, मागचा ६ चा. झालं.

या साखळीच्या फ्लोचार्टवर माझा राग आहे, स्पष्टच सांगते. चार चौकोन आणि मध्ये बाण काढले की वाटतं वरचा जीन खालच्याला फक्त चालू करतो. खरं काम दाबण्यात आहे. ईव्हचा दुसरा पट्टा बघा, बायकॉइड आणि हंचबॅक मिळून तो बऱ्याच रुंद भागात चालू करू शकतात, पण पुढून जायंट दाबतो, मागून क्रुपल दाबतो (दोन्ही गॅप जीन्स) आणि मधे अरुंद पट्टी उरते. त्या एका पट्ट्यासाठी डीएनएचा वेगळा तुकडा आहे, साधारण ५०० बेसपेअरचा. सातही पट्टे एकाच स्विचवर नाहीत. कोचिंगच्या नोट्स ऐवजी नुसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस यांचा १९८० चा नेचरमधला पेपर वाचा, छोटा आहे, १५ जीन्स, तीन गट, चित्रं स्पष्ट. याच कामासाठी १९९५ चं नोबेल, लुईसबरोबर. इंग्रजी जड गेलं तर चित्रांवरून सुरुवात करा, मराठी माध्यमातून आलेल्यांना सुद्धा जमतं, मलाही तसंच जमलं.

लॅबमध्ये गेलात की पहिला आठवडा नॉर्मल अळीचे पट्टेच मोजा. पोटाचा पहिला पट्टा बाकीच्यांपेक्षा अरुंद असतो, तिथून मोजायला सुरुवात करायची. म्यूटंटची अंडी २४ तासांपेक्षा जास्त ठेवा म्हणजे क्यूटिकल (अळीचं बाहेरचं आवरण) नीट तयार होतं, आणि न फुटलेलं प्रत्येक अंडं म्यूटंट समजू नका, काही फलितच झालेली नसतात, बॅलन्सरच्या (म्यूटेशन टिकवून ठेवायला वापरतात त्या खास क्रोमोसोमच्या) दोन प्रती आलेलेही जगत नाहीत. बायकॉइडवर काम असेल तर आईचा जीनोटाइप लिहून ठेवा, गर्भाचा कितीही चांगला असला तरी आईकडून आरएनए आला नाही तर डोकं-छाती होत नाही.

गाइड निवडताना मोठं नाव बघून जाऊ नका. जो सीनिअर तुमच्या शेजारी बसून स्लाइड दाखवतो त्याच्याकडे जा. नुसलाइन-फोलहार्ड आणि विशाउससुद्धा जर्मनीत हायडेलबर्गला दोघांना एकदम बघता येईल अशा मायक्रोस्कोपवर समोरासमोर बसूनच म्यूटंट तपासायचे.

आणि फळमाशीवरून "सगळ्या कीटकांत असंच" असं इंटरव्ह्यूत बोलू नका, तिथेच पकडतात. फळमाशीत सुरुवातीला केंद्रकं विभागत जातात पण मधे पेशींची पटलं नसतात, म्हणून प्रोटीन पसरून एकदम सगळी लांबी वाटून घेता येते. ट्रायबोलियम, म्हणजे पिठात होणारा तांबडा भुंगा, त्याच्यात बायकॉइड नाहीच, बरेचसे सेगमेंट मागच्या टोकाकडून एकामागून एक तयार होतात, आणि तिथे पेअर-रूल जीन्स घड्याळासारखे चालू-बंद होतात हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. एन्ग्रेल्ड आणि विंगलेसची हद्द मात्र त्याच्यातही तशीच सापडते, त्यामुळे पॅरासेगमेंटवर घातलेला वेळ तिथेही कामाला येतो.