आंबा उतरल्यावरची छाटणी: बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी

शेवटचा तोडा झाला की आंब्याची हलकी छाटणी लगेच, जून संपायच्या आत उरकावी. उशीर झाला की पालवी उशिरा फुटते, थंडीपर्यंत काडी पक्व होत नाही आणि मोहोर हुकतो. मात्र खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे एकदा झड लागली की उसंत नसते. तिथे मनगटाहून जाड फांद्यांना आता हात लावू नये, ओली जखम कुजते. ते काम पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावे. निपाणी-चिक्कोडीकडे दोन-तीन दिवसांची उघडीप पुरते.

सुरुवात बांडगुळापासून. ते चिकटलेल्या जागी फांदीला गाठ आलेली असते. नुसता पाला ओरबाडला तर पुन्हा फुटते, कारण त्याची मुळे लाकडात शिरलेली असतात. गाठीच्या अलीकडे, म्हणजे खोडाच्या बाजूला, फूट-दीड फूट सोडून फांदीच कापावी.

मग वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. मधोमध सरळ वर गेलेल्या एक-दोन फांद्या बुडातून काढल्या की आत ऊन-वारा खेळतो, तुडतुडे आणि भुरीला आसरा राहत नाही. दुपारी झाडाखाली उन्हाचे कवडसे पडले की थांबावे. एका वर्षात चौथ्या हिश्श्याहून जास्त पाला काढू नये. उंची कमी करायची म्हणून सगळे शेंडे एका रेषेत उडवतात, ते तर नकोच. तिथून खराट्यासारखे वांझ फुटवे येतात आणि पुढे वळवाच्या वाऱ्यात सांध्यातून निखळतात.

जाड फांदी तीन कापांत उतरवावी. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एक-तृतीयांश जाडीपर्यंत काप. त्याच्या दोन-तीन इंच पुढे वरून दुसरा. फांदी इथे मोडून पडते. उरलेला खुंट तिसऱ्या कापात, बुडाशी जो फुगीर कडा दिसतो त्याच्या लगेच बाहेर. खालचा काप चुकवला तर पडणारी फांदी खोडाची साल सोलत नेते. कडाच कापला तर जखम भरत नाही, खुंट ठेवला तर कुजून खोडात पोकळी होते. कोयत्याने हे जमत नाही, करवतच लागते.

जखमेवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे. लोखंडी पाते बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. महिन्याभराने कापांखाली भुसा दिसला तर खोडकिडा शिरला समजावे. तारेने ओढून काढून भोक चिखलाने बुजवावे.

फणसाच्या खोडावरचे आखूड ठोंब तोडू नयेत, पुढची फळे त्यांवरच येतात. पाते चिकाने धरते, म्हणून खोबरेल लावून घ्यावे.

विजेच्या तारेजवळची फांदी असेल तर हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाईनमनकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय झाडावर चढू नये. ओली फांदी तारेला नुसती टेकली तरी करंट येतो. अख्खे झाडच काढायचे असेल तर आधी वनखात्यात परवानगीची चौकशी करावी, मग करवतवाल्याला बोलवावे.