मुरिंगचा दोर घासून तुटत होता: नेयाफू बंदरातला माझा अनुभव

टोंगातल्या वावाऊचं नेयाफू बंदर चहूबाजूंनी डोंगरांनी झाकलेलं, पण पाणी खोल. नांगराला फार साखळी सोडावी लागते, म्हणून बहुतेक बोटी मुरिंगवर, म्हणजे तळाशी कायम रोवलेल्या वजनाला साखळीने जोडलेल्या बोयाला बांधलेल्या. आमची 12 मीटरची शिडाची बोट, एकच दोर डाव्या क्लीटवरून (डेकवरची दोर बांधायची खुंटी) मुरिंगच्या कडीतून उजव्या क्लीटवर. चार दिवसांत त्याचे पीळ उसवले! वारा फिरला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, डावी-उजवी झुलते आणि दोर कडीतून करवतीसारखा मागेपुढे ओढला जातो.

उपाय असा: 18 मिमी नायलॉनचे दोन स्वतंत्र दोर. प्रत्येकाच्या टोकाला लोखंडी थिंबल (फासाच्या आत बसणारी खोबणीची कडी) बसवलेला फास, तो शॅकलने, म्हणजे पिनेने बंद होणाऱ्या U आकाराच्या कडीने, मुरिंगच्या कडीला. दुसरं टोक आपापल्या बाजूच्या क्लीटवर. आता कडीत दोर सरकतच नाही. नाळेवर घासतो तिथे अग्निशामक पाइपाचा अर्धा मीटर तुकडा, दोराला सुतळीने पक्का बांधलेला. प्लास्टिकची नळी नको, ताणाखाली तापलेल्या नायलॉनची उष्णता ती आत कोंडते.

शॅकल गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलाच, घ्या. स्टेनलेसचा लावला तर खाऱ्या पाण्यात त्याच्याजवळच्या साखळी-कडीवरचं जस्त लवकर झिजतं. पिन तारेने बांधा. आणि मुरिंगवर बोट सोपवण्याआधी मास्क लावून खालची साखळी जमेल तितकी स्वतः बघाच.