तक्रार नसते तिथे बघा

प्रॉडक्ट डिझाइनमध्ये नव्याने आलेली मुलं पहिल्यांदा सर्व्हेचा फॉर्म बनवायला घेतात. मी म्हणते, फॉर्म राहू दे, आधी कुणाचं तरी काम शेजारी बसून बघ. अडचण अंगवळणी पडली की ती अडचण वाटेनाशी होते, मग फॉर्मात उतरणार कुठून?

स्वयंपाकघरातली साधनं बनवणाऱ्या ऑक्सो कंपनीच्या मापाच्या कपाचा किस्सा या क्षेत्रात बहुतेकांना माहीत असतो, तरी सांगते. जुन्या कपाबद्दल विचारल्यावर लोक म्हणाले, काच फुटते, दांडा निसटतो. प्रत्यक्षात मात्र ते ओतायचे, वाकून बघायचे, पुन्हा ओतायचे, पुन्हा वाकायचे. वाकावं लागतं ही तक्रार कुणीच केली नाही. नव्या कपात आतून तिरकी पट्टी आली, वरूनच माप दिसू लागलं.

माझ्या कामातलं एक उदाहरण. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर पावत्या भरणाऱ्या एक बाई कीबोर्डशेजारी कॅल्क्युलेटर ठेवायच्या. "काही त्रास होतो का?" "छे हो, छान चाललंय." पडद्यावर बेरीज दिसत नाही म्हणून असेल, असं आमच्या टीममध्ये सगळ्यांनी धरून चाललं होतं. आणखी थोडा वेळ बसल्यावर दिसलं, की बाई पावत्यांचा गठ्ठा हातात घेऊन आधी बेरीज करतात, ती पेन्सिलीने वरच्या पावतीवर लिहितात आणि मगच टाइप करायला लागतात. त्यांना हवा होता पडताळा. मग स्क्रीनवर गठ्ठ्याची बेरीज आधीच टाकायला एक चौकट दिली; शेवटी फरक आला तर तिथेच कळतो. नुसती बेरीज दाखवली असती तर कॅल्क्युलेटर जागचा हलला नसता.

म्हणून शेजारी बसून बघताना वहीत "गोंधळली", "कंटाळली" असलं लिहू नका. "दोनदा मागे गेली, कागदावर आकडा लिहिला" असं लिहा. अर्थ नंतर लावता येतो. चिकटवलेल्या चिठ्ठ्या, खुणेसाठी लावलेली टेप, सॉफ्टवेअर असूनही शेजारी उघडी असलेली वही, हे दिसलं की तिथे थांबा. "हे आत्ता का केलंत?" एवढंच विचारा, तेही काम संपल्यावर. परवानगी मात्र आधी घ्या. चोरून बघणं वाईट, आणि त्यातून हाती काही लागतही नाही.

सगळ्याच सवयींना डिझाइन लागतं असंही नाही. काही नुसत्या सवयी असतात, त्या सोडून द्या.

नोकरीच्या मुलाखतीला जाताना तुम्ही डिझाइन केलेल्या चकचकीत स्क्रीनच्या चित्रांसोबत या नोंदींची दोन-चार पानंही न्या. मी तरी उमेदवाराची तीच आधी वाचते.