व्यापारी इमारतीचं वीज बिल: डेटा वाचताना या चुका टाळा

ऑफिस, हॉटेल, मॉल, रुग्णालय, कुठेही जा, मेंटेनन्सच्या कपाटात वीज बिलांची फाइल असतेच. बहुतेक ठिकाणी तिचा उपयोग एवढाच, की गेल्या महिन्यापेक्षा रक्कम वाढली की घटली ते बघायचं. त्यातून जवळपास काहीच कळत नाही. बिलाची रक्कम किती दिवसांचं बिल आहे, युनिट किती, डिमांड (एका वेळी ग्रिडवर पडलेला सर्वात मोठा भार) किती, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी आलेला भाग, १ म्हणजे सर्वोत्तम) काय आणि दर काय, या पाच गोष्टींमुळे हलते. त्या सुट्या केल्याशिवाय एलईडी बसवण्यापासून चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) बदलण्यापर्यंतचा कुठलाही निर्णय अंदाजपंचेच असतो.

खाली महावितरणच्या उच्चदाब व्यापारी ग्राहकाचं बिल समोर धरलं आहे. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर, आणि गोव्यात तिथलं वीज खातं असेल, तर दर आणि काही नियम वेगळे. चुका मात्र त्याच. उदाहरणांतले दर फक्त हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. स्वतःचा आकडा चालू दर आदेशातूनच घ्यावा.

रकमेची तुलना, दिवस न मोजता

एका महिन्यात ३१,००० युनिट, पुढच्या महिन्यात २९,५००. वापर घटला म्हणून सगळे खूश. पण पहिलं बिल ३३ दिवसांचं होतं आणि दुसरं २९ दिवसांचं. रोजचा वापर ९३९ युनिटवरून १,०१७ वर गेलेला असतो, म्हणजे आठ टक्क्यांची वाढ. ही गफलत लघुदाब बिलांत जास्त होते, कारण तिथे रीडिंगची तारीख मागेपुढे सरकते.

म्हणून किमान २४ महिन्यांची बिलं एका तक्त्यात उतरवा. रकाने असे: मागील व चालू रीडिंगची तारीख, दिवस, केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेली युनिट), केव्हीएएच (पॉवर फॅक्टरचा परिणाम धरून मोजलेली युनिट), नोंदलेली कमाल डिमांड, बिलिंग डिमांड (जिचे पैसे लावले जातात ती), पॉवर फॅक्टर, प्रत्येक टीओडी (दिवसातल्या वेळेनुसार दर) टप्प्यातली युनिट, मागणी आकार (डिमांडचे पैसे), वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. थकबाकी, समायोजन आणि व्याज यांना वेगळा रकाना द्या. ते त्या महिन्याच्या वापराचे पैसे नसतात, पण तक्ता बिघडवायला तेवढे पुरतात.

रीडिंगचा शेराही उतरवा. ‘आरएनए’ (रीडिंग मिळालं नाही), ‘लॉक्ड’, ‘फॉल्टी’ असं काही असेल तर ती युनिट सरासरीने लावलेली आहेत. खरं रीडिंग आलं की पुढच्या बिलात एकदम उसळी दिसते आणि लोक एसी तपासत बसतात.

गुणक अवयव गृहीत धरणं

बिलावरचा गुणक अवयव, म्हणजे मीटरच्या रीडिंगला ज्याने गुणतात तो आकडा, सीटी आणि पीटीच्या (करंट आणि व्होल्टेज मीटरपुरते लहान करणारे ट्रान्सफॉर्मर) गुणोत्तरावरून येतो. मुख्य मीटरवर तो चुकायची शक्यता कमी, पण मीटर बदलल्यावर पहिल्या बिलात आवर्जून बघावा. खरा घोळ इमारतीच्या आतल्या सबमीटरांत असतो. पॅनेलमध्ये ४००/५ च्या जागी ६००/५ ची सीटी बसवली आणि मीटरचं सेटिंग तसंच ठेवलं, तर खरा वापर दाखवलेल्या आकड्याच्या दीडपट असतो. तीनपैकी एक सीटी उलटी बसली, तर समतोल भारावर मीटर एक तृतीयांशच वाचतो. एक सीटी सुटली तर दोन तृतीयांश. भाडेकरूंकडून सबमीटरवर पैसे घेतले जात असतील, तर हा फरक थेट मालकाच्या खिशातून जातो.

सगळ्या सबमीटरांची बेरीज एकाच दिवशी, एकाच वेळी घेतलेल्या मुख्य रीडिंगशी ताडा. ट्रान्सफॉर्मर आणि केबलचा लॉस सोडून पाच टक्क्यांहून जास्त तफावत असेल, तर आधी सीटी तपासा, नंतर कुठला फीडर (पॅनेलमधून निघणारी लाइन) मीटरविना राहिला आहे ते शोधा.

डिमांडचा दंड बघणं, शेपूट न बघणं

सगळ्यात महाग चूक ही. समजा कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात ठरलेली मर्यादा) ३०० केव्हीए (डिमांड मोजायचं एकक) आहे, मागणी आकार ५०० रुपये प्रति केव्हीए आहे आणि मे महिन्यात एका सोमवारी ३४० केव्हीएची नोंद झाली. मागणी आकार ३४० वर लागतो, शिवाय वरच्या ४० केव्हीएवर दीडपट दराने दंड: ४० × ५०० × १.५ = ३०,००० रुपये. हा आकडा बिलावर वेगळा दिसतो, म्हणून त्यावर मीटिंग होते.

पण बिलिंग डिमांडच्या नियमात मागच्या ११ महिन्यांतल्या सर्वोच्च बिलिंग डिमांडच्या ७५ टक्क्यांची अट आहे, कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या मर्यादेत. ३४० चे ७५ टक्के २५५. मे महिना २९० वर थांबला असता तर ही पातळी २१७.५ राहिली असती. हिवाळ्यात खरी डिमांड १९० असली तरी आता २५५ चे पैसे भरायचे, महिन्याला ३७.५ केव्हीएचा, म्हणजे १८,७५० रुपयांचा फरक. असे चार महिने आले तर ७५,०००. दंडाच्या अडीचपट, आणि बिलावर कुठेही दंड म्हणून न दिसणारे. याशिवाय कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या ठरावीक टक्क्यांची आणखी एक किमान अट असते. तो टक्का, आणि कोणत्या तासांतली डिमांड धरायची हे, दर आदेशांत बदलत आलं आहे. ही किमान अट २१७.५ च्या वर बसत असेल, तर वरचा फरक तेवढा कमी होतो.

मग कॉन्ट्रॅक्ट डिमांड वाढवायची का? घाईने नको. आधी मीटरचा लोड सर्व्हे (मीटरने ठरावीक अंतराने साठवलेली भाराची नोंद) मिळवा: पोर्टलवर असेल तर तिथून, नसेल तर महावितरणच्या कार्यालयाकडून. मीटरच्या स्मृतीत ठरावीक दिवसांचाच डेटा राहतो, त्यामुळे तो दर महिन्याला उतरवून घ्यायची सवय लावा. त्यात उंच डिमांडचे सगळे टप्पे लाल करा. महिन्यात दोन-चारच टप्पे वर गेलेले असतील आणि तेही सोमवारी सकाळी साडेनऊच्या आसपास, तर तो भाराचा नव्हे, वेळापत्रकाचा प्रश्न आहे. वीकएंडला तापलेली इमारत थंड करायला सगळे चिलर आणि सगळे एएचयू (थंड हवा खेळवणारी युनिट) एकदम सुरू होतात. सोमवारी तास-दीड तास आधी एक चिलर चालू करून बाकीचे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फरकाने घेतले, आणि त्याच वेळात पाण्याचे पंप व हॉटेल असेल तर लाँड्री बंद ठेवली, तर शेंडा बराच खाली येतो.

इथे एक समज खोडून काढायला हवा. ‘मोटरच्या स्टार्टिंग करंटने डिमांड वाढली’ हे कारण जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. महाराष्ट्रात कमाल डिमांडची व्याख्या सलग ३० मिनिटांच्या वापरावर आहे. ७० केव्हीएची मोटर सुरू होताना १० सेकंद सहापट खेचत असेल, तर जादाचे ३५० केव्हीए अर्ध्या तासाच्या सरासरीत जेमतेम २ केव्हीए भर घालतात. सॉफ्ट स्टार्टर बसवायला दुसरी चांगली कारणं आहेत, डिमांड हे त्यातलं नाही.

पॉवर फॅक्टर ०.९५ म्हणजे चांगलाच, असं मानणं

१ एप्रिल २०२० पासून महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर बिल येतं. पूर्वीसारखा पॉवर फॅक्टरचा दंड किंवा इन्सेंटिव्ह वेगळ्या ओळीत दिसत नाही, त्यामुळे त्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. एक लाख केडब्ल्यूएच ०.९२ वर वापरले तर बिल १,०८,६९६ केव्हीएएचचं, ०.९९ वर वापरले तर १,०१,०१० चं. साडेसात हजारांहून जास्त युनिटचे पैसे न वापरता गेले.

तपासायला सुरुवात पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटरपासून करा. ४४० व्होल्टसाठी बनवलेली २५ केव्हीएआरची (काम न करता ये-जा करणाऱ्या विजेचं एकक) बँक ४१५ व्होल्टला फेजमागे साधारण ३१ अँपिअर खेचते. क्लॅम्पमीटरवर २०-२२ अँपिअर दिसले तर ती गळाली आहे, पॅनेलवरचा दिवा लागलेला असला तरी. किती केव्हीएआर लागतील याचा हिशेब सोपा: २०० किलोवॅटचा भार ०.९० वरून ०.९९ वर न्यायचा तर सुमारे ६८ केव्हीएआर. यूपीएस, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) आणि एलईडी ड्रायव्हर भरपूर असतील, तर साध्या कपॅसिटरऐवजी डिट्यून्ड रिअॅक्टरसह घ्या, नाहीतर हार्मोनिक्समुळे (अशा उपकरणांनी विजेच्या लहरीत आणलेल्या विकृतीमुळे) ते वारंवार फुटतात.

उलटी चूकही तितकीच होते. ‘पॉवर फॅक्टर कमी आहे’ म्हणून कायमची कपॅसिटर बँक जोडून टाकतात. दिवसा ठीक, रात्री इमारतीचा भार ४० किलोवॅटवर येतो आणि कपॅसिटर ३५ केव्हीएआर लीडिंग देत राहतो. केव्हीए ५३, पॉवर फॅक्टर ०.७५. हिशेबात लॅगबरोबर (कपॅसिटर कमी पडणं) लीडही (कपॅसिटर जास्त होणं) धरला जातो, त्यामुळे रोज रात्री हा तोटा साचतो. ट्रान्सफॉर्मरच्या रिकाम्या भारापुरता छोटा कपॅसिटर कायम ठेवा, बाकी सगळं एपीएफसीवर (भारानुसार कपॅसिटर आपोआप जोडणारं पॅनेल) टाका.

छतावर सोलर लागल्यावर जुनाच तक्ता चालवणं

सोलरनंतर बिलावरची युनिट म्हणजे इमारतीचा वापर नव्हे. खरा वापर = ग्रिडमधून घेतलेली + सोलरने बनवलेली − ग्रिडला दिलेली. इन्व्हर्टरचं उत्पादन तक्त्यात नसेल, तर एसीचा वापर २० टक्क्यांनी वाढला तरी ‘बिल कमी आलं’ एवढंच दिसतं.

दुसरा धक्का पॉवर फॅक्टरचा. इमारतीचा भार ३०० किलोवॅट आणि ९९ केव्हीएआर, म्हणजे ०.९५. दुपारी सोलरने १८० किलोवॅट दिले. ग्रिडमधून आता १२० किलोवॅटच येतात, पण केव्हीएआर मात्र सगळे ९९ ग्रिडमधूनच. केव्हीए १५६, पॉवर फॅक्टर ०.७७. सोलरवाल्याने काही बिघडवलेलं नसतं. गणितच तसं आहे. एपीएफसीची सीटी ग्रिडच्या इनकमरवर (ग्रिडची वीज इमारतीत शिरते तिथे), म्हणजे सोलरच्या जोडणीआधी आहे ना, ते बघा आणि कपॅसिटरची क्षमता नव्याने मोजा. बऱ्याच इन्व्हर्टरांना केव्हीएआर देण्याचं सेटिंगही असतं, ते विक्रेत्याकडून चालू करून घेता येतं.

टीओडीचं जुनं वेळापत्रक डोक्यात ठेवणं

महावितरणच्या जुन्या रचनेत रात्री १० ते सकाळी ६ सवलत होती, आणि सकाळी ९ ते १२ व संध्याकाळी ६ ते १० जादा आकार. त्यावरून अनेक इमारतींनी पंप, एसटीपीचे (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचे) ब्लोअर, गरम पाण्याचे हीट पंप आणि ईव्ही चार्जिंग रात्रीवर टाकलं. पुढे केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीने दिवसातल्या आठ सौर तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी, आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी कमाल मागणीच्या तासांचा दर किमान १.२ पट, अशी दिशा ठरवली. दिवस स्वस्त, संध्याकाळ महाग. टायमर मात्र कुठेकुठे अजून जुन्याच वेळेवर आहेत. चालू बिलावरचे टप्पे आणि त्यांचे दर बघा, मग टायमर बदला. संध्याकाळचा महाग टप्पा सुरू व्हायच्या आधी इमारत थोडी जास्त थंड करून ठेवणंही यात येतं, मात्र त्या अर्ध्या तासात डिमांडचा शेंडा वर जात नाही ना हे लोड सर्व्हेवर पाहूनच.

बचत सरासरी दराने मोजणं

बिल १२ लाख, युनिट ८०,०००, म्हणून दर १५ रुपये. विक्रेता महिन्याला १०,००० युनिट वाचवून दीड लाख दाखवतो, आणि ३६ लाखांची गुंतवणूक २४ महिन्यांत वसूल. पण १५ रुपयांत मागणी आकारही मिसळलेला आहे, आणि युनिट कमी झाली म्हणून तो कमी होत नाही. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचं शुल्क धरून वाचणारं युनिट १२ रुपयांचं असेल, तर वसुलीला ३० महिने लागतात. दुपारी वाचलेलं आणि संध्याकाळी वाचलेलं युनिटही एका किमतीचं नसतं. डीजीवरची (डिझेल जनरेटरवरची) वीज या हिशेबात मिसळू नये. लिटरला ३ ते ३.५ युनिट धरून तिचा दर वेगळा काढा.

मे महिन्याची जानेवारीशी तुलना, आणि रात्र न बघणं

हवामान वजा केल्याशिवाय एसीची बचत सिद्ध होत नाही. रोजच्या सरासरी तापमानातून एक आधार तापमान, समजा २० अंश, वजा करा आणि महिन्याची बेरीज घ्या. ही बेरीज दिवसांनी भागून आडव्या अक्षावर, रोजची युनिट उभ्या अक्षावर, किमान १२ महिन्यांचे ठिपके. बिंदू रेषेभोवती जमत नसतील तर आधार तापमान १८ ते २२ मध्ये बदलून बघा. रेषेपासून वर गेलेला महिना तपासायचा. मुंबई-पुण्यात ऑक्टोबरचा ठिपका नुसत्या सरासरी बिलाशी ताडला तर विनाकारण गुन्हेगार ठरतो.

रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो हवामानाशी संबंध नसलेला रोजचा वापर. त्यातला चोवीस तास चालणारा भार किती, हे लोड सर्व्हेतल्या रविवार पहाटे ३ च्या आकड्यावरून बघा. कामाच्या दिवसाचा शेंडा २४० आणि रविवारची पहाट ७० असेल, तर बेसमेंटचे एक्झॉस्ट, बंद मजल्यावरचे एएचयू, वॉटर कूलर आणि दर्शनी फलक आधी शोधा. रोज रात्रीचे दहा तास १० किलोवॅट विनाकारण चालले, तर वर्षाला ३६,५०० युनिट. शोधायची पद्धत जुनीच: रात्री एकेक फीडर पाडा आणि मुख्य मीटरचा आकडा किती उतरतो ते लिहा. सर्व्हर, लिफ्ट आणि आगीच्या पंपांचे फीडर आधी वेगळे काढून ठेवा.

वर्गवारी आणि तारखा

शाळा व रुग्णालयांसाठी सार्वजनिक सेवांची वर्गवारी आहे, नोंदणीकृत आयटी उद्योगांना औद्योगिक दर मिळतो. तरी बिल व्यापारी दराने येत राहतं, कारण अर्जच केलेला नसतो. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर कर व शुल्क वगळून एक टक्का सवलत असते. हिशेब विभागाची सही उशिरा होते म्हणून ती जाऊ देणं ही कुठलंही यंत्र न बदलता टाळता येणारी चूक.

बिलातच चूक सापडली तर आधी कार्यालयाकडे लेखी तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. मंचाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सोबत मीटरचे तारखेसह फोटो, लोड सर्व्हेची प्रत आणि वादातल्या महिन्याच्या मागे-पुढे १२ महिन्यांचा तक्ता जोडा.