पावसात पोपट बघताना दुर्बीण धुरकटते? हे करून बघा

कोथरूड-औंधकडे सरी सुरू असताना पोपट बघायला उतरलो की दुर्बीण हमखास धुरकट. दोष गाडीतल्या एसीचा! थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागली की वाफ धरते.

१. निघतानाच एसी बंद, गाडीची काच थोडी खाली. दुर्बीण रेनकोटच्या आत.
२. सर थांबताच पाच-दहा मिनिटं थांबा. भिजलेले पोपट शेंड्याच्या वाळक्या फांदीवर पिसं झटकत बसतात, निवांत दिसतात.
३. खांद्यावर लाल डाग, चोच दणकट, आवाज घोगरा असेल तर पहाडी पोपट. डाग नसला तर बहुधा आपला नेहमीचा राघू.

काच रुमालानं खसाखसा पुसू नका. कणभर धूळसुद्धा चरे पाडते. आधी फुंकणीनं उडवा. (माझ्या डाव्या काचेवर एक चरा कायमचा आहे.)