जुन्या गाडीला कमी खर्चात घरीच रंग द्यायचा असेल तर

गाडी रंगवायला दिली की बिलात रंगापेक्षा मजुरी जास्त असते, आणि मजुरीत सगळ्यात मोठा भाग घासकामाचा. ते आपण केलं की खर्च बराच खाली येतो. तीन-चार सुट्ट्या मात्र त्यात जातात.

रंग मूळचाच ठेवा. बदललात तर दारांच्या कडा, डिकीची आतली बाजू, बॉनेटखालचा पत्रा, सगळंच रंगवत बसावं लागतं. बऱ्याच ठिकाणी नोंदणीचे कागदही बदलावे लागतात. मेटॅलिकच्या वाटेला घरी जाऊ नका. साधा रंग रोलरनेही छान बसतो.

घासण्याआधी गाडी साबणाने धुऊन तेल-मेण काढून टाका. आधी घासलं तर जुनं पॉलिश पत्र्यात मुरतं आणि नव्या रंगात बारीक खळगे पडतात.

आता खरं काम. गंज ८० नंबरच्या पॉलिशपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. वरवर घासून रंग मारला तर काही महिन्यांत तिथेच फुगवटे येतील. जुना रंग जिथे घट्ट धरून आहे तिथे तो खरवडू नका, ४०० नंबरने चमक घालवली की पुरे. उघडा पत्रा आणि जुना रंग यांच्यामधली पायरी १८०, मग ३२० ने उतरती करा. डोळे मिटून बोट फिरवा. बोटाला कड लागली तर ती रंगातूनही दिसणारच. पोचे लांबीने (पुट्टीने) भरा, पण पातळ थरांत. लांबी कोरडीच घासायची, ती पाणी पिते आणि आतून गंज धरतो. घासून झालं की त्याच दिवशी प्रायमर मारा. साध्या प्रायमरमधूनही ओल झिरपते, म्हणून गाडी पावसात ठेवू नका.

प्रायमर वाळला की ४०० ने पाणी लावून घासा, पुसा, काचा-रबरं टेपने झाका. सिंथेटिक इनॅमल टर्पेंटाइनने दुधाइतकं पातळ करून बारीक फोमच्या रोलरने लावा. गाडी सावलीत हवी. एक दार किंवा एक बॉनेट सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही. पहिला हात भयंकर दिसतो, खालचं सगळं डोकावतं. घाबरून जाड थर मात्र देऊ नका, ओघळ येतील. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. दर दोन हातांनंतर ८०० ने ओलं घासा. चार ते सहा हात लागतात.

दोन-तीन आठवड्यांनी १५००, मग २००० नंबर आणि शेवटी रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणायची पेस्ट. उंच कडांवर टेप लावून ठेवा, तिथला रंग सगळ्यात आधी उडतो.

घासताना मास्क, रंगवताना हवा खेळती. हार्डनर मिसळायचे टू-के रंग घरी फवारू नका: त्यांतली आयसोसायनेट नावाची रसायनं फुफ्फुसांना घातक असतात आणि साधा मास्क ती अडवत नाही.