एकाच खोलीतील गारठा आणि निसटलेली नळी

व्हीएव्ही यंत्रणेत (म्हणजे हवेचे प्रमाण कमीजास्त करून खोल्या थंड ठेवणाऱ्या केंद्रीय वातानुकूलनात) पुरवठ्याची हवा साधारण १३ अंश सेल्सिअसला ठेवून प्रत्येक विभागाला किती हवा द्यायची, हे तेथील हवावाटप बॉक्सचा डॅम्पर (उघडझाप करणारी झडप) ठरवतो. आमच्याकडील एक बैठककक्ष मात्र थर्मोस्टॅट कितीही वाढवला तरी गारच राहत असे. (अशा वेळी थर्मोस्टॅटच बदलण्याची घाई होते, तो बहुधा निर्दोष असतो.) कंट्रोलरवर हवेचा प्रवाह शून्य दिसत होता, जाळीतून मात्र जोरदार झोत येत होता. खोलीच्या छताआडचा बॉक्स तपासला, तेव्हा प्रवाहमापकाच्या दोन दाबनळ्यांपैकी (त्यांच्यातील दाबाच्या फरकावरून प्रवाह मोजला जातो) जास्त दाबाची नळी टोकाशी चिरून निसटलेली आढळली. त्यामुळे हवा पोहोचतच नाही असे समजून कंट्रोलरने डॅम्पर पूर्ण उघडून ठेवला होता. चिरलेले टोक कापून नळी घट्ट बसवताच डॅम्पर किमान प्रवाहाच्या मर्यादेपर्यंत मिटत गेला.